टीव्हीवर रेस बघायची कशी? नाशिकच्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की मोटर रेसिंगबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त लिहा. पत्रं आणि मेसेज आले ते बहुतेक नाशिकहूनच, सिडको, इंदिरानगर, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड. जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच, की रेस लावली, गाड्या दिसल्या, आवाज पण जबरदस्त, पण चाललंय काय ते कळेना. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न (इंदिरानगर): रविवारी संध्याकाळी आमच्याकडे मिस्टर आणि मुलगा फॉर्म्युला वन लावून बसतात. मी पण बसते, पण दहा मिनिटांत कंटाळा येतो कारण एक गाडी पुढे आणि बाकीच्या तिच्या मागे रांगेत, कोणी कोणाला ओलांडत नाही. तरी हे दोघं मध्येच "आता बघ, आता बघ" करून ओरडतात. हे नक्की बघतात काय?

उत्तर: ताई, ते स्क्रीनच्या डाव्या बाजूची पट्टी बघत असतात. खरी रेस निम्म्याहून जास्त वेळ तिथेच चाललेली असते, आणि नव्या माणसाला हे कोणी सांगतच नाही, सगळे म्हणतात गाड्या बघ. गाड्या बघून काही कळत नाही हो, त्या दीड-दोन सेकंद अंतराने पळत असतात आणि कॅमेऱ्यात ते अंतर कधी जास्त वाटतं कधी कमी.

त्या पट्टीत वरून खाली सगळे ड्रायव्हर असतात, प्रत्येकाच्या आडनावाची तीन इंग्रजी अक्षरं, आणि पुढे आकडा. तो आकडा म्हणजे पुढच्या गाडीपासूनचं अंतर, सेकंदात. मध्येमध्ये हेच आकडे बदलून पहिल्या नंबरच्या गाडीपासूनचं अंतर दाखवतात, तेवढं लक्षात ठेवा नाहीतर गोंधळ होतो. शेजारी टायरचं छोटं रंगीत चिन्ह येतं, लाल म्हणजे सॉफ्ट, पिवळा मीडियम, पांढरा हार्ड, आणि पावसात हिरवा इंटरमीडिएट आणि निळा फुल वेट. सॉफ्ट टायर रस्त्याला जास्त चिकटतो म्हणून गाडी वेगात वळते पण तो लवकर संपतो, हार्ड सावकाश पण लांब चालतो. आणि नियम असा आहे की ट्रॅक कोरडा असेल तर रेसमध्ये किमान दोन वेगवेगळ्या प्रकारचे टायर वापरावेच लागतात, म्हणजे एकदा तरी पिटमध्ये, ट्रॅकशेजारच्या टायर बदलायच्या जागेत, यावंच लागतं. सगळं नाट्य इथून सुरू होतं.

आता ते "आता बघ" म्हणजे काय ते सांगतो. समजा एक गाडी पुढे आहे आणि दुसरी तिच्या १.८ सेकंद मागे. दोघींचे टायर जुने झालेत, दोघींची गती सारखी, ट्रॅकवर ओव्हरटेक करणं अवघड. मग मागची गाडी एक चाल खेळते, ती आधी पिटमध्ये जाते. पिटमध्ये जाऊन परत ट्रॅकवर यायला साधारण वीस-बावीस सेकंद जातात, कारण पिटलेनमध्ये बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटरचं बंधन असतं, पण तेवढा वेळ आज ना उद्या पुढच्या गाडीलाही घालवायचाच आहे. मागची गाडी नवे टायर घालून बाहेर येते आणि त्या एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, जीव तोडून पळते, नव्या टायरवर ती समजा २.३ सेकंद जास्त वेगाने गेली. पुढची गाडी अजून जुन्या टायरवरच आहे. पुढच्या लॅपला ती पण पिटमध्ये जाऊन बाहेर येते आणि बघते तर काय, मागची गाडी अर्धा सेकंद पुढे! ट्रॅकवर कोणी कोणाला ओलांडलं नाही तरी नंबर बदलला. याला अंडरकट म्हणतात. तुमचे मिस्टर ओरडतात ते बहुतेक त्या एका लॅपलाच, कारण पिटलेनमधून बाहेर पडायच्या तोंडाशी दोन्ही गाड्या एकत्र येणार असतात आणि कोण आधी येतं हे चार चाकांच्या लांबीवर ठरतं.

म्हणून पुढच्या रविवारी एवढंच करा. पहिल्या नंबरला विसरून जा, पट्टीत कुठेही दोन गाड्यांमधलं अंतर दोन सेकंदांच्या आत आलंय का बघा आणि फक्त त्या दोघांना धरून बसा. अंतर कमी होतंय का, टायर कोणाचे जुने, कोण आधी पिटमध्ये जाईल. अर्ध्या तासात तुम्हीच ओरडाल.

एक शंका उरते की मागची गाडी वेगवान असूनही सरळ पुढे का जात नाही. आग्रा रोडला मोटरसायकल एखाद्या मोठ्या ट्रकच्या मागे लागली की वारा लागत नाही आणि गाडी हलकी पळते, तसाच फायदा सरळ रस्त्यावर मागच्या कारला मिळतो. पण वळणावर उलटं होतं, कारण या गाड्यांना वळणावर हवाच खाली दाबून धरते आणि पुढच्या गाडीने ती हवा ढवळून टाकलेली असते. दाब कमी झाला की मागची गाडी घसरते आणि घसरली की टायर तापून खराब होतात. म्हणून ड्रायव्हर मुद्दाम थोडं अंतर ठेवून चालतो, हिंमत नाही म्हणून नव्हे.

प्रश्न (सिडको): बघायचं कुठे आणि किती वाजता? पूर्वी केबलवर लागायची, आता सापडत नाही.

उत्तर: २०२४ पासून भारतात फॉर्म्युला वन फॅनकोड ॲपवर दाखवायला लागले. स्मार्ट टीव्हीवर ॲप टाकलं की मोठ्या स्क्रीनवर दिसतं, आणि एकाच वीकेंडचा पास पण मिळायचा. दाखवायचे हक्क फिरत असतात म्हणून वर्षभराचं पॅकेज घ्यायच्या आधी या सीझनचं बघून घ्या.

वेळेचं म्हणाल तर आपलं नशीब चांगलं आहे. युरोपातल्या बहुतेक रेस आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, इंग्लंडची सिल्व्हरस्टोन साडेसातला, सिंगापूरची रात्रीची रेस आपल्याकडे साडेपाचला, अबू धाबी साडेसहाला. ऑस्ट्रेलिया आणि जपान सकाळी नाश्त्याच्या वेळेला, म्हणजे रविवारची मिसळ खात खात बघायची रेस. ब्राझील रात्री साडेदहाच्या सुमारास. अमेरिका आणि मेक्सिकोवाल्या मात्र मध्यरात्रीनंतर, त्या दुसऱ्या दिवशी रिप्ले बघा आणि तोपर्यंत मोबाईल उघडू नका. लास वेगासची शनिवारी रात्री असते म्हणून आपल्याकडे रविवारी सकाळी.

शनिवारची क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी, अजिबात सोडू नका. तासाभराचा कार्यक्रम, २०२६ पासून २२ गाड्या, पहिल्या फेरीत सहा बाद, दुसऱ्या फेरीत सहा बाद आणि शेवटी दहा जण पहिल्या नंबरसाठी. सगळ्यात वेगवान लॅप कोणाचा एवढंच बघायचं असतं, नव्या माणसाला यापेक्षा सोपं काही नाही. माझं तर म्हणणं आहे की सुरुवात क्वालिफाइंगपासूनच करावी.

प्रश्न (कॉलेज रोड, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी): ग्रुपमध्ये सगळे वर्स्टापेन नाहीतर हॅमिल्टनचे फॅन. मी कोणाला सपोर्ट करू? जो जिंकतो त्यालाच करावं का?

उत्तर: अरे, जिंकणाऱ्याला सपोर्ट करायला काहीच हरकत नाही, पण मजा मधल्या गर्दीत आहे. २०२५ ची सिल्व्हरस्टोनची रेस घे. पाऊस, सगळे घसरतायत, आणि निको हुल्केनबर्ग नावाचा ड्रायव्हर १९ व्या जागेवरून निघालेला. हा माणूस तोपर्यंत २३८ रेस पळाला होता आणि एकदाही पहिल्या तिघांत आला नव्हता, इतक्या रेस करून पोडियम नाही असा रेकॉर्डच त्याच्या नावावर. त्या दिवशी टीमने टायर अचूक वेळी बदलले, त्याने चूक केली नाही, आणि शेवटच्या लॅप्समध्ये मागे कोण होतं तर लुइस हॅमिल्टन, फेरारीत, स्वतःच्या घरच्या ट्रॅकवर. तरी त्याने तिसरा नंबर सोडला नाही. जो फक्त पुढच्या दोन गाड्या बघत होता त्याला त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी पोडियमवरच दिसली. जो मध्ये बघत होता त्याला तासभर धडधड.

आणि एक युक्ती. प्रत्येक टीमच्या दोन गाड्या असतात आणि दोघांना जवळपास सारखीच गाडी मिळते, म्हणून ड्रायव्हर किती चांगला हे ठरवायचं तर त्याच्या टीममेटशी तुलना कर, दुसऱ्या टीमच्या माणसाशी नको. एखादा बारावा आला आणि त्याचा टीममेट अठरावा, तर तो बारावा येणारा पोरगा भारी आहे समज. पॉइंट पहिल्या दहांनाच, २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. छोट्या टीमसाठी दहावा नंबर म्हणजे दिवाळी, कारण टीमची पण वेगळी चॅम्पियनशिप असते आणि वर्षअखेर पैसे त्यावर ठरतात. २०२५ ला लँडो नॉरिस फक्त दोन पॉइंटने चॅम्पियन झाला, ४२३ विरुद्ध वर्स्टापेनचे ४२१. म्हणजे वर्षभरात कुठेतरी नवव्या नंबरसाठी केलेली मारामारी पण कामी येते.

टीम निवडायचीच असेल तर एक छोटी निवड आणि सीझनभर सोडू नको.

प्रश्न (नाशिकरोड): मी प्रेसमधून रिटायर झालोय, नातवाबरोबर बघतो. एक गाडी वीस सेकंद पुढे होती, मग कोणीतरी धडकलं, एक साधी कार ट्रॅकवर आली आणि सगळे तिच्या मागे रांगेत. वीस सेकंद गेले कुठे? हा अन्याय नाही का?

उत्तर: काका, ती सेफ्टी कार. ट्रॅकवर गाडी अडकलेली असते, तुकडे पडलेले असतात, माणसं उचलायला जातात, म्हणून सगळ्यांना हळू करून एका रांगेत आणतात. पुढच्याची मेहनत वाया जाते हे खरंय आणि त्याला वाईट वाटणं पण साहजिक आहे. पण ट्रॅकवर काम करणारे मार्शल बहुतेक स्वयंसेवक असतात आणि त्यांच्या अंगावरून कोणी ३०० च्या स्पीडने जाऊ नये हे आधी.

बघण्यासारखी गोष्ट त्याच क्षणाला असते. सगळे हळू चाललेत म्हटल्यावर पिटमध्ये जाण्याचा तोटा जवळपास निम्मा होतो, म्हणून सेफ्टी कार आली रे आली की नातवाला सांगा, पिटलेनकडे बघ. जो पिटमध्ये शिरायच्या तोंडाशी असतो त्याला लॉटरी, जो नुकताच पुढे निघून गेला त्याला अख्खा लॅप थांबावं लागतं.

२०२१ ची अबू धाबी आठवते का तुम्हाला, नसेल तर बघाच. हॅमिल्टन आणि वर्स्टापेन वर्षाच्या शेवटच्या रेसला सारखेच पॉइंट घेऊन आले, ३६९.५. हॅमिल्टन आरामात पुढे. पाच-सहा लॅप उरले असताना एक गाडी भिंतीला लागली, सेफ्टी कार आली. वर्स्टापेन मागे होता म्हणून त्याला गमवायला काही नव्हतं, त्याने पिटमध्ये जाऊन नवे सॉफ्ट टायर घातले. हॅमिल्टन गेला असता तर पहिली जागा गेली असती म्हणून तो जुन्या हार्डवरच थांबला. रेस पुन्हा सुरू झाली ती फक्त शेवटच्या एका लॅपसाठी, आणि त्या लॅपमध्ये वर्स्टापेनने चॅम्पियनशिप नेली. दोघांच्या मधल्या, एक लॅप मागे पडलेल्या गाड्या बाजूला करण्याचा नियम नीट पाळला नाही म्हणून खूप वाद झाला, पुढे एफआयए या खेळाच्या जागतिक संघटनेच्या अहवालात पण मानवी चूक झाल्याचं आलं, रेस डायरेक्टर बदलले, निकाल मात्र तोच राहिला. अन्याय म्हणाल तर त्या एका दिवशी झाला असं मला आजही वाटतं. पण सेफ्टी कारचा नियम मुळात बरोबर आहे.

झेंडे पण सांगून टाकतो, नातू विचारेलच. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे रेस थांबवली. निळा त्या ड्रायव्हरला दाखवतात ज्याच्यावर आघाडीची गाडी एक लॅप चढवणार आहे, त्याने वाट द्यायची. काळापांढरा तिरका म्हणजे ताकीद. चौकड्यांचा म्हणजे संपली.

प्रश्न (म्हसरूळ): माझा नऊ वर्षांचा मुलगा रेस बघतो. अपघात बघून मला धस्स होतं. बघू द्यावं का?

उत्तर: ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि हा खेळ धोक्याचा नाही असं मी सांगणार नाही. १९९४ ला इटलीतल्या इमोलाला एका वीकेंडला रोलंड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे दोघं ड्रायव्हर गेले. २०१४ ला जपानमध्ये पावसात ज्युल्स बियांकीची गाडी बाहेर उभ्या क्रेनच्या वाहनावर आदळली आणि पुढच्या वर्षी त्याचं निधन झालं.

पण त्या प्रत्येक वेळेनंतर काहीतरी बदललं, आणि ते बदल तुम्ही मुलाला दाखवू शकता. ड्रायव्हरच्या डोक्यावर तीन पायांची टायटॅनियमची कमान दिसते ना, तिला हेलो म्हणतात, २०१८ पासून सक्तीची. सुरुवातीला अनेकांनी नाकं मुरडली की गाडी कुरूप दिसते. २०२० ला बहरीनमध्ये रोमेन ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, गाडीचे दोन तुकडे झाले, आग लागली, आणि तो जवळपास अर्धा मिनिट आगीत होता. कठडा त्याच्या डोक्यावर आला असता, तो हेलोने अडवला. तो स्वतःच्या पायाने कठड्यावर चढून बाहेर आला, हात भाजले पण वाचला. त्यानंतर हेलोला नावं ठेवणारं कोणी उरलं नाही. बियांकीच्या अपघातानंतर व्हर्च्युअल सेफ्टी कार आली, म्हणजे स्क्रीनवर व्हीएससी दिसलं की सगळ्यांनी ठरलेल्या वेगाच्या आतच चालायचं, २०१५ पासून.

मोठा अपघात झाला की ड्रायव्हर ठीक आहे असं कळेपर्यंत सहसा रिप्ले दाखवत नाहीत. तेवढा वेळ मुलाशी बोला, आत काय काय संरक्षण आहे ते सांगा. माझ्या मते बघू द्या, पण तुम्ही शेजारी बसून. आणि मोठी झालेली पोरं रेस बघून रात्री गंगापूर रोडला बाइक पळवतात त्यांना हे पण सांगा की ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, कुत्रं आडवं येत नाही, आणि डॉक्टर मिनिटाभरात पोचतो.

प्रश्न (सातपूर): कंपनीत मशीन शॉपला आहे, गाडीचेच पार्ट बनवतो. या गाड्यांचं इंजिन किती मोठं असतं? इलेक्ट्रिक झाल्या म्हणतात ते खरं का?

उत्तर: इंजिन छोटं आहे दादा, २०१४ पासून १.६ लिटरचं व्ही सिक्स टर्बो. नाशिकमध्ये इंजेक्टर आणि पंपाची कामं केलेल्या माणसाला याचं कौतुक जास्त वाटेल की २०१७ ला मर्सिडीजने टेस्ट बेंचवर इंधनातल्या उर्जेचा ५० टक्क्यांहून जास्त उपयोग करून दाखवला, साधं पेट्रोल इंजिन त्याच्या आसपासही जात नाही. २०२६ पासून नियम बदलले, बॅटरीवरच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० वर नेली, म्हणजे साधारण अर्धी ताकद इंजिनाची अर्धी विजेची, आणि इंधन पण सस्टेनेबल. पूर्ण इलेक्ट्रिक नाही झाल्या, ती फॉर्म्युला ई वेगळी, २०२३ ला हैदराबादला झाली होती आणि महिंद्राची टीम त्यात अगदी पहिल्या सीझनपासून आहे.

टीव्हीवर काय वेगळं दिसतं तर सरळ रस्त्यावर पुढचे मागचे दोन्ही पंख चपटे होतात आणि वळणाआधी पुन्हा उभे राहतात. पूर्वीचं डीआरएस, म्हणजे ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडायची सोय, गेलं. आता पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलात तर जास्तीची वीज वापरता येते. म्हणून पट्टीत अंतर १.० च्या खाली आलं की सावध व्हा. आणि बॅटरी कोणी कुठे खर्च केली यावर आता ओव्हरटेक ठरतो, हे कळायला कॉमेंट्री ऐका, टीव्हीचा आवाज बंद करून रेस बघू नका.

प्रश्न (पंचवटी): मला बाइकची आवड. मोटोजीपी बघू की फॉर्म्युला वन?

उत्तर: मोटोजीपी! खरंच, धीर कमी असेल तर तीच बघा. रेस पाऊण तासाची, कोरड्यात पिटस्टॉप नाही, जो पुढे दिसतो तोच पुढे असतो, आणि एका लॅपमध्ये तीनदा नंबर बदलतात. २०२३ पासून शनिवारी निम्म्या अंतराची स्प्रिंट पण असते. त्याच वर्षी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली होती, मार्को बेझेकी जिंकला. आणि मार्क मार्केझची गोष्ट जरूर वाचा, २०२० ला हात मोडला, ऑपरेशनवर ऑपरेशन, लोकांनी संपला म्हटलं, २०२५ ला डुकाटीवर पुन्हा चॅम्पियन.

प्रश्न (त्र्यंबक रोड): पूर्वी आमच्या बाजूला रॅलीच्या गाड्या यायच्या, धुरळा उडवत जायच्या. ती पण रेसच ना? टीव्हीवर दिसते का?

उत्तर: रॅली ऑफ महाराष्ट्र म्हणताय तुम्ही. नाशिकच्या आजूबाजूच्या मातीच्या रस्त्यांवर व्हायची, राष्ट्रीय चॅम्पियनशिपची फेरी, देशभरातले ड्रायव्हर यायचे. ज्यांनी ती रस्त्याकडेला उभं राहून बघितलीय त्यांना अर्धं कळलेलंच आहे.

रॅलीत गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत, एकेक सुटते, मध्ये अंतर ठेवून, आणि लढाई घड्याळाशी. बंद केलेल्या रस्त्याला स्टेज म्हणतात, सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज ज्याची कमी तो जिंकला. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला जाताना मात्र हीच गाडी साध्या रस्त्यावरून, सिग्नलला थांबत, वाहतुकीचे नियम पाळत जाते. शेजारी बसतो तो को-ड्रायव्हर, त्याच्या मांडीवर वही असते. रॅलीच्या आधी दोघं तो रस्ता हळू गाडीने फिरून प्रत्येक वळण लिहून काढतात, किती तीव्र, किती लांब, पुढे चढ आहे का, दगड आहे का. स्टेज सुरू झाली की को-ड्रायव्हर पुढची दोन-तीन वळणं आधीच वाचत असतो आणि ड्रायव्हर न दिसणाऱ्या वळणात गाडी टाकतो. हे धाडस मला फॉर्म्युला वनपेक्षा मोठं वाटतं, स्पष्टच सांगतो. टीव्हीवर बघताना गाडीच्या आतला कॅमेरा लावा आणि को-ड्रायव्हरचा आवाज ऐका, मग समोरचा रस्ता बघा, तो जे बोलला ते दोन-तीन सेकंदांनी समोर येतं.

जागतिक रॅलीत सेबॅस्टियन लोएब आणि सेबॅस्टियन ओजिए या दोन फ्रेंच माणसांची प्रत्येकी नऊ विजेतेपदं आहेत. आपल्याकडे गौरव गिल, २०१९ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच. पुन्हा कधी आपल्या बाजूला रॅली आली तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभे राहू नका, गाडी सुटली की तिकडेच जाते. आतल्या अंगाला, उंचावर, आणि मार्शल सांगेल तिथे.

प्रश्न (देवळाली कॅम्प): भारतीय कोणी आहे का यात? नसेल तर कोणासाठी बघायचं?

उत्तर: सध्या फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर भारतीय नाही. पण होते. कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ ला जॉर्डन टीमकडून पळाला, पहिला भारतीय. त्याच वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर त्या ट्रॅकच्या एका बाजूला कललेल्या वळणावर टिकेनात म्हणून १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे रेसआधीच्या फेरीनंतर, पिटमध्ये परत गेल्या, फक्त सहा पळाल्या, त्यात नारायण चौथा आला आणि तेव्हाच्या हिशेबाने पाच पॉइंट मिळाले. लोक म्हणतात सहातच चौथा आला, पण गाडी शेवटपर्यंत नेली आणि पॉइंट कमावले ते त्यानेच. मग २०१० ला चेन्नईचा करुण चंधोक, तो आता टीव्हीवर विश्लेषण करतो आणि फार सोपं समजावतो. फोर्स इंडिया टीम २००८ ते २०१८ होती, २००९ ला बेल्जियममधल्या स्पाला तिचा ड्रायव्हर फिसिकेला याने पोल, म्हणजे सुटायची पहिली जागा, घेतली आणि रेसमध्ये दुसरा आला. हीच टीम मालक बदलत आज ॲस्टन मार्टिन म्हणून पळते, तेव्हा आपुलकी ठेवायची तर तिथे ठेवा. बुद्ध सर्किटवर २०११, १२ आणि १३ अशा तीन रेस झाल्या, तिन्ही जर्मनीच्या सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या, मग कराच्या वादात सगळं अडकलं.

आता खालच्या फॉर्म्युला टूकडे लक्ष ठेवा. मुंबईच्या जेहान दारूवालाने तिथे रेस जिंकल्यात, बंगळुरूच्या कुश मैनीने २०२५ ला मोनॅकोची स्प्रिंट जिंकली. ही पोरं आठ-दहा वर्षांची असताना कार्टिंगपासून सुरू करतात.

प्रश्न (पुन्हा सिडको, दुसरे वाचक): सीझन मध्येच आहे, आता सुरू करू का पुढच्या वर्षी? जुन्या कुठल्या रेस बघाव्यात?

उत्तर: आताच सुरू करा, पुढच्या रविवारपासून, मागचं काही माहीत असायची गरज नाही. जुन्यांतली एक बघायची तर २०२४ ची ब्राझील. वर्स्टापेन १७ व्या जागेवरून निघाला, पाऊस, आणि जिंकला. त्यात लाल झेंडा कधी आला आणि त्याआधी कोणी टायर बदलले होते, कोण न बदलता ट्रॅकवरच राहिलं होतं, हे मी वर सांगितलेल्या पट्टीत बघत बघा. रेस थांबलेली असताना टायर फुकटात बदलता येतात, ज्यांनी नुकताच पिटमध्ये वेळ घालवला होता त्यांची निराशा आणि जे ट्रॅकवरच राहिले होते त्यांचा फायदा, दोन्ही एका मिनिटात दिसतं. वेळ जास्त असेल तर २०११ ची कॅनडा, चार तासांहून लांब चाललेली, जेन्सन बटन शेवटच्या नंबरवर गेला होता आणि शेवटच्या लॅपला पुढे आला. आणि २००८ ची ब्राझील, फेलिपे मासाने रेस जिंकली, त्याच्या घरचे नाचायला लागले, आणि शेवटच्या वळणाआधी हॅमिल्टनने एक गाडी मागे टाकून एका पॉइंटने चॅम्पियनशिप घेतली.

जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्सची २४ तासांची रेस असते, शनिवारी आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि रविवारी त्याच वेळेला संपते, एका गाडीला तीन ड्रायव्हर. ती सलग बघायची नसते. सुरुवातीचा तास बघा, जेवण झाल्यावर अंधारातला थोडा भाग बघा, सकाळी उठून कोण उरलं ते बघा, आणि संध्याकाळी शेवटचे दोन तास सोडू नका.